रुतलेली जोडवी

मोगलाईतली गोष्ट. देवगाव रंगारीच्या वच्छलाबाईंना त्यांचे मालक तात्यासाहेब बैलगाडीत घालून शहागंजात हकिमाकडं घेऊन आले. सुजलेल्या बोटांत चांदीची जोडवी रुतली होती. बोटं निळी पडली होती.

"रक्तच उतरत नाय बोटांत," युसूफ हकीम म्हणाले. "जोडवी आजच कापून घ्या, बाई."

"काप म्हणतात तर काप," तात्यासाहेब काकुळतीनं म्हणाले. "मीच सांगतोय ना."

"तुमी जिते असताना? तुमच्याच जिवावर उठू व्हय मी?"

ठणका सोशीत त्या तशाच गावी परतल्या. पंधरवड्यात तात्यासाहेब पटकीनं गेले. बायकांनी वच्छलाबाईंच्या बांगड्या फोडल्या, सोनाराकडून जोडवी कापवून घेतली.


आणि हंबरडा फुटायच्या आधी वच्छलाबाईंच्या तोंडून 'हुश्श' निघालं.