नऊ औंसांचं पांघरूण

“हेही नको म्हणाला,” काकूंनी तिसरं नवं पांघरूण टेबलावर ठेवलं. “हातात घेतलं, ‘जड’ म्हणाला, ढकलून दिलं. आता यालाच ठेवून घ्या तुमच्याकडे, तराजू म्हणून.”

‘हा’ म्हणजे त्यांचा मुलगा. चाळिशीचा, धिप्पाड, दाढी दोन दिवसांची. तो दाराशी स्टुलावर बसला होता. मांडीवर त्याचं जुनं पांघरूण होतं आणि त्याचा कोपरा मुठीत. बोलायचा फार कमी. आईचं म्हणणं, त्याला समजतं सगळं, फक्त सांगायचा कंटाळा.

कापड कारखान्याच्या तपासणी खोलीतल्या बाईने नव्या पांघरुणातून गोल कातरीने तळहाताएवढा तुकडा कापला आणि काट्यावर टाकला. चौरस मीटरला तीनशे सहा ग्रॅम. हवं होतं तेवढंच.

तिचं काम चोख होतं. काकूंनी पहिल्या खेपेला जुन्या पांघरुणाची फक्त शिवणीतली पट्टी उसवून आणली होती, कारण पांघरूण हा कुणाला घेऊन जाऊ देत नाही. पट्टी याच कारखान्याची होती, आकडा अजून वाचता येत होता: नऊ औंस. तेव्हा कारखाना चौरस वाराला औंस मोजायचा, आता चौरस मीटरला ग्रॅम मोजतो. औंसाला चौतीसने गुणलं की झालं. नऊ गुणिले चौतीस, तीनशे सहा. सूत तेच, वीण तीच, वरची मऊ लवही तशीच उठवलेली. तरी तीनदा नापास.

“काकू, गणित बरोबर आहे हो,” ती म्हणाली.

“तुझं बरोबरच असणार गं. याचंच कुठेतरी चुकत असेल. याला वजनातलं काय कळतंय.” काकू खुर्चीत टेकल्या. “पण माझं ऑपरेशन आठवड्यावर आलंय. मी दवाखान्यात असेपर्यंत हा वसतिगृहात राहणार. तिथली धुलाई यंत्रावर. हे जुनं एका धुण्यात चिंध्या होऊन परत येईल. आणि पांघरूण नसेल तर हा झोपत नाही. रात्रभर बसून राहतो. मी तिकडे पडलेली, हा इकडे बसलेला.” त्यांनी नवं पांघरूण बाजूला सारलं. “काय करायचं ते आज कर बाई.”

तिने पहिल्यांदाच जुन्या पांघरुणाकडे नीट पाहिलं. रंग कुठला होता ते आता सांगता आलं नसतं. मधोमध ते इतकं विरलं होतं की खालची पँट दिसत होती.

आणि तिचं तिलाच हसू आलं. तीन वेळा तिने पट्टीवर छापलेलं वजन धरलं होतं. कापडाचं एकदाही नाही.

“हे मोजायला हवं,” ती म्हणाली.

काकूंनी टेबलावरच्या गोल कातरीकडे पाहिलं. मग मुलाकडे. “काप,” त्या हळूच म्हणाल्या. “मी त्याला धरते.”

“कापायचं नाही. अख्खंच मोजू.”

तिने मोठा काटा ओढून त्याच्या स्टुलाशी आणला. पांघरूण मापाने दीड मीटर बाय दोन मीटर भरलं, म्हणजे तीन चौरस मीटर. ते उचलून काट्यावर ठेवेपर्यंत तो गप्प होता. पण कोपरा काही सुटेना. मूठ तशीच, हात ताणलेला, आणि काट्यावरचा आकडा खालीवर नाचतोय.

“सोड रे सोन्या,” काकू म्हणाल्या. “बाईला एवढा का त्रास देतोस?”

सोन्याच्या अंगावरची माशीही हलली नाही.

तिचं बाळ घरी सासूबाईंजवळ होतं. ते तिच्या जुन्या गाऊनची बाही मुठीत धरून झोपायचं. बाही धुवायला काढायची तर ओढून चालायचं नाही, ते घर डोक्यावर घ्यायचं. आधी मुठीत आपलं बोट सरकवायचं, मग बाही आपोआप सुटते. आणि बोट सुटलं की समजायचं, झोपलं.

तिने आपलं बोट पुढे केलं.

“दादा, हे धरता?”

त्याने बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कोपरा सोडला आणि बोट धरलं, चांगलं घट्ट.

काटा स्थिरावला. सातशे चौदा ग्रॅम. तिने डाव्या हाताने भागाकार केला: चौरस मीटरला दोनशे अडतीस. चौतीसने भागलं. सात.

“काकू, हे आता सातच औंसांचं आहे.”

“आणलं तेव्हा नऊ होतं. मग दोन गेले कुठे?”

“धुण्यात. दर वेळी थोडी लव जाते.”

 काकूंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले, जणू ते दोन औंस तिथेच कुठे चिकटले असतील.

“बरोबर सांगत होता तो,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा.”

नमुन्यांचं कपाट हाताच्या अंतरावर होतं. बोट अडकलेलं, म्हणून तिने तिरकं होऊन एका हातानेच सात औंसांच्या कापडाचा पंच्याएवढा तुकडा ओढून काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला. त्याने मोकळ्या हाताने तो चिमटीत धरून पाहिला. गालावरून फिरवला. परत फिरवला. दोघी ‘जड’ ऐकायच्या तयारीने उभ्या राहिल्या. काकूंनी तर डोळेच मिटून घेतले होते.

तो काहीच म्हणाला नाही. तुकड्याचा कोपरा त्याने मुठीत घेतला, आणि तिचं बोट सोडलं.