हातावरचं दही

मध्यभारत हे राज्य संपलं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग ग्वाल्हेरच्या कचेरीतली कारकून मंडळीही वळकट्या बांधून निघाली. स्टेशनवर जाण्याआधी सगळे नया बाजारच्या भाजीवाल्यांत उभ्या असलेल्या शामलाबाईंच्या हातगाडीवर शेवटचं खायला आले. गरम पोळीत झुणका नि ठेचा भरून त्या अशी घट्ट गुंडाळी करून देत, की उभ्या उभ्या खाताना सदऱ्यावर कण सांडायचा नाही.

"मावशी, भोपाळात हे कुठे मिळणार हो?" त्यांतला बळवंत भरल्या तोंडानं म्हणाला.

खाऊन हात धुतलेल्या प्रत्येकाला शामलाबाईंनी तळहात पुढे करायला लावला आणि त्यावर चमचाभर दही घातलं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या लेकराच्या हातावर घरची आई घालते, तसं.

सगळ्यात शेवटी श्रीपादनं हात पुढे केला. त्याच्या हातावर दही जरा जास्तच पडलं.

"कमाल करता मावशी! ही सारी पलटण तुमचीच मुलं की काय?"

"असू दे रे. आणि जातो म्हणू नये, येतो म्हणावं."

"बरं, येतो," म्हणत त्यानं दही चाटलं आणि तो टांग्यात चढला.

 

तान्ह्या श्रीपादला परक्या मांडीवर दत्तक देताना, त्याला कधी ओळख दाखवणार नाही, असा शब्द शामलाबाईंनी दिला होता. त्या एका हातावर दही घालता यावं, म्हणून त्यांनी साऱ्या कचेरीच्या हातावर घातलं.