मदतीसाठी संपर्क
कंपनीला टाळं लागायच्या दिवशी मालकाने जाहीर केलं, "आपला प्रोग्रॅम मरणार नाही! कोड इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे, आता सगळे मिळून सांभाळतील." टाळ्या पडल्या. आजवर तो एकटीने सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरची तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्यांतली सलाइनची यंत्रं त्यावर चालत होती. "सगळे म्हणजे कोण, साहेब? नर्स अडली तर फोन कुणाला करेल?" "निघेल गं कोणीतरी. लॅपटॉप जमा कर." तिने प्रोग्रॅमच्या वेबपानावर मदतीसाठी मालकाचाच नंबर टाकला आणि लॅपटॉप त्याच्यापुढे आदळला. निरोपाचा केक कापतानाच त्याचा मोबाइल वाजला. "यंत्र अडकलंय, पेशंट लहान आहे, काय करू?" नर्स ओरडत होती. मालकाने मोबाइल प्रोग्रॅमरपुढे धरला. तिने तो हिसकावला. "सिस्टर, नळी बंद करा, मी आहे." मग मालकावर खेकसली, "बघता काय? लॅपटॉप उघडा!"