राहिलेली डीव्हीडी

श्रीधररावांकडच्या मराठी नाटकांच्या डीव्हीडी उज्जैनभर फिरायच्या. परत करायला येणारा चहा घेत तासभर नाटकावर बोलत बसायचा, आणि तो गेला की श्रीधरराव डिस्कवरचे ओरखडे बघून चरफडायचे.

शेवटी त्यांच्या मुलाने, सौमित्रने, सगळी नाटकं घरच्या मीडिया सेंटरवर चढवली आणि मागेल त्याला पेनड्राइव्हवर भरून दिली. झाडून सगळ्या डीव्हीडी कपाटात बंद झाल्या. कटकट मिटली.

महिनाभर दाराची घंटी वाजली नाही.

मग एका संध्याकाळी श्रीधरराव टावर चौकापलीकडे, नेहमी डीव्हीडी नेणाऱ्या अहल्याताईंच्या दारात जाऊन उभे राहिले. "आमची एखादी डीव्हीडी तुमच्याकडे राहिलीय का हो?"

"नाही हो भाऊ, सगळ्या कधीच पोचवल्या."



"आरामसे शोधा, घाई नाही," चपला काढत ते म्हणाले. "मी बसतो."