चार मिनिटं मागे

इस्पितळातल्या रुग्णांचे सगळे रिपोर्ट तळघरातल्या सर्व्हरवर असत, आणि त्यांची नक्कल शहराच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या सर्व्हरवर. नक्कल मूळ रिपोर्टांच्या किती मागे आहे, यावर संगणक विभागाच्या मॅडम डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायच्या. पडद्यावर रोज तेच: चार मिनिटं मागे. स्वतः प्रत्येक मीटिंगला अर्धा तास उशिरा येणाऱ्या मोठ्या साहेबांचं ते बघून पित्त खवळायचं.

"साहेब, अंतर आहे, लाइन जुनी आहे. तेवढा उशीर व्हायचाच."

"मग अंतर कमी करा. मला तिथे शून्य दिसलं पाहिजे."

"अहो, पण लांब ठेवलाय म्हणून तर..."

"मॅडम, मला शहाणपण शिकवू नका."

नकलेचा सर्व्हर टेम्पोतून आला आणि तळघरात पहिल्याला खेटून बसला. पडद्यावर शून्य झळकलं, साहेबांना वरून शाबासकी मिळाली.

पंधराच दिवसांत पाण्याचा मोठा पाइप फुटला आणि तळघरात छातीएवढं पाणी झालं. साहेब धापा टाकत जिन्यापर्यंत आले. "मॅडम, नक्कल तरी वाचली ना?"

 

"तीही बुडाली, साहेब. एका सेकंदाचासुद्धा उशीर झाला नाही."