मुराळी

दोरी ओढून ओढून सुदामच्या तळहाताला फोड आला होता. मशीन खोकलं, गुरगुरलं, नाव हातभर पुढे सरकली आणि पुन्हा सगळं चिडीचूप.

"मेलं," सुदाम म्हणाला. "पुन्यांदा मेलं."

धरणाच्या फुगवट्याच्या काठाला त्याची नाव बांधलेली होती. नावेत पिशवी पायाशी घेऊन त्याची सून शितल बसली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ती माहेरी निघाली होती. तिला भाऊ नाही, म्हणून मुराळी होऊन आईच तिला न्यायला आली होती आणि पलीकडच्या काठावर बाभळीखाली सकाळपासून बसून होती. इथून हिरव्या लुगड्याचा तेवढा ठिपका दिसत होता. पलीकडून माहेरच्या गावाला जाणारी शेवटची जीप दिवस मावळायच्या आत सुटते. उद्या अमावस्या, लेकीसुनेला घराबाहेर काढत नाहीत. परवा घट बसणार, आणि घट उठले की सोयाबीनची काढणी. म्हणजे आज गेली तर गेली, नाहीतर थेट दिवाळी.

गावात नावा दोनच. दुसरी डांबर लावून पालथी घातलेली. आणि भरल्या पाण्यातून वल्ही मारत पलीकडे जायचे दिवस सुदामच्या खांद्याबरोबरच गेले होते.

त्याने पुन्हा कार्बोरेटर खोलला. खालची वाटी सोडवून आतलं पेट्रोल पाण्यात झटकून दिलं. जेटच्या बारीक भोकात तार घातली, फुंकर मारली, पेट्रोलची चव जिभेवर आली तसा थुंकला. जेट स्वच्छ होतं. मघाशी खोललं तेव्हाही स्वच्छच होतं, पण माणूस चिडला की स्वच्छ वस्तूसुद्धा पुन्हा पुन्हा पुसत बसतो.

"त्या दुकानवाल्यानं रॉकेल मिसळून देलं असंल," तो म्हणाला. "अन् ज्यानं हे धूड माझ्या गळ्यात बांधलं त्याच्या तर..." पुढचं त्याने सुनेकडे बघून गिळलं.

"काहून बंद पडून राहिलं हो?" काठावरून रुख्मिणीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मला म्हाईत असतं तर हितं झक मारत बसलो असतो का?"

काठाच्या दगडांवर घरातल्या साऱ्या गोधड्या वाळत पडल्या होत्या, त्यांच्या घड्या रुख्मिणीबाई घालत होत्या. घट बसायच्या आधी घरातली वस्तू न् वस्तू धुऊन काढायची, त्याला दसरा काढणं म्हणतात. 'दसरा निघाला की खुशाल जा,' असं त्यांनी सुनेला सांगितलं होतं. मग काय, शितलने माळ्यावरच्या डब्यांपासून खुंटीवरच्या कंदिलापर्यंत काही म्हणून सोडलं नव्हतं. हाताची कातडी सोलली होती बिचारीची.

सुदामने कार्बोरेटर जोडला. शितलने लगबगीने कॅन उचलून टाकीत आणखी पेट्रोल ओतलं. मशीनमधलं तिला काही कळत नव्हतं, तेवढीच आपल्या हातची मदत. सुदामने दोरी ओढली. मशीन चालू झालं, शितल सावरून बसली, आणि बंद पडलं.

"आता फोडूनच टाकतो याला."

"ही ताटली घ्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "स्क्रू पाण्यात पडला म्हंजे बसताल बोंबलत."

सुदामने ताटली हिसकावून घेतली. या खेपेला वाटी त्याने ताटलीतच उपडी केली आणि जेटमध्ये तार घालत बसला. मान वर केली तोवर ताटलीतलं पेट्रोल उन्हाने उडून गेलं होतं. तळाशी टपोरे थेंब मात्र तसेच होते. त्याने बोट लावून चाटलं. पाणी.

त्याने कॅन उचलून उन्हासमोर धरला. कायम काळा, चिकट असणारा कॅन आज दुधासारखा पांढरा दिसत होता.

"हा कॅन कुनी धुतला?"

शितलने पदर सावरला. "म्या धुतला, मामा. पेट्रोल बादलीत काढून ठिवलं अन् आतून बी घासला, वाळू घालून. उलटा ठिवला व्हता वाळाया." मग हळूच म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या व्हत्या, काईच सोडू नको."

शिव्या पार ओठांवर आल्या होत्या, पण द्यायच्या कुणाला? सुदामने बायकोकडे पाहिलं. रुख्मिणीबाईंनी हातातली गोधडी तशीच टाकली आणि त्या गावाकडे पळाल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारी ती बाई, पण शेजारच्या शेषरावाच्या मोटरसायकलीतलं पेट्रोल नळीने काढून, तेल मिसळून, धापा टाकत बाटली घेऊन आली. तोवर सुदामने टाकी, नळी, वाटी सगळं झटकून पुसून कोरडं केलं होतं. पुसायला शितलने पिशवीतली नवी साडी दिली. त्याने नको म्हटलं नाही, तेवढा वेळच नव्हता.

बाटली टाकीत रिकामी झाली. सुदामने दोरी ओढली.

पहिल्याच ओढीला मशीन चालू झालं. खोकलं नाही, अडखळलं नाही. इतकं गोड ते नवं होतं तेव्हाही चाललं नव्हतं. सुदामला एकदम हसू आलं. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरून पलीकडे पाहिलं.

ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेलं होतं. खाली कुणी नव्हतं. त्याच्याही पलीकडे, रस्त्यावर, जीपचा धुरळा लांबलांब जात होता.

नाव बांधल्या दोराला ओढ देत होती. सुदामने मशीन बंद करायला हात नेला आणि तो हात तिथेच राहिला. दिवसभर हे चालावं म्हणून जीव काढला, आणि आता ते बंद करायची त्याची हिंमत होईना.

शितल पलीकडे बघत होती. मग तिने पिशवी मांडीवर घेतली.

"बंद करा मामा," ती म्हणाली. "दुसऱ्याचं पेट्रोल हाय. उगंच जळून राहिलं."