बिनभाराचा निरोप

धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि फोटोत घेतलं नाही म्हणून मेहुणी रुसून निघून गेली, त्याच वर्षीची गोष्ट.

डोंगरावरच्या दुर्बिणीचे आरसे पुसणारे काका त्या गुरुवारी सकाळपासून एका जागी ठरत नव्हते. बायको खाली शहरात, दवाखान्यात. लेक फोनवर म्हणाली, "आईला थोडा अशक्तपणा आहे." मुलगा म्हणाला, "उगाच रजा वाया घालवू नका, बाबा." व्याही म्हणाले, "चालायचंच, वय झालं." तिघांची तीन तोंडं.

"काका, तोच आरसा तिसऱ्यांदा पुसताय," संशोधक बाई म्हणाल्या. "झिजेल हो तो."

काकांनी ओशाळून विषय बदलला. "बाई, इतके आरसे लावून शोधता तरी काय?"

"वैश्विक किरण जन्मतात कुठे, ते. ते म्हणजे अवकाशातून येणारे कण, त्यांच्यावर विद्युतभार असतो. वाटेतली चुंबकक्षेत्रं त्यांना ओढून ओढून वळवतात. आपल्यापर्यंत येतात ते भलत्याच दिशेने. मूळ ठिकाणाचा पत्ताच लागत नाही."

"मग विचारायचं कुणाला?"

"गॅमा किरणांना. तेही तिथूनच निघतात, पण त्यांच्यावर भार नाही. कुणी ओढलं तरी वळत नाहीत. नाकासमोर येतात."

काकांचा हात थांबला. लेकीला माया, मुलाला काळजी, व्याह्यांना भीड. जो तो वळण घेऊनच बोलणार. मेहुणी मात्र रोज बहिणीच्या उशाशी बसत होती आणि काकांशी सात महिने एक शब्द बोलली नव्हती.

फडकं बादलीत टाकून त्यांनी फोन लावला.

"ही कशी आहे?"

"आली का माझी आठवण? फोटोच्या वेळी नव्हती आली." मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "डॉक्टर म्हणाले, उद्याचा दिवस निघणं कठीण. यायचं तर आत्ता निघा, भाऊजी."

ओल्या बाह्यांनीच काकांनी दुपारची गाडी धरली.

संध्याकाळी बायकोने डोळे उघडले. "तुम्ही? कुणी सांगितलं?"

"तुझ्या बहिणीनं."

"तरीच," ती म्हणाली.

मेहुणी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने न बघताच आपली खुर्ची मागे सरकवली आणि पलंगाजवळ काकांना जागा करून दिली.

बायको शुक्रवारी सकाळी सव्वासहाला गेली.